उतारावर धावलेली गाडी

अँटॉप हिलच्या उतारावरच्या सोसायटीनं कुठल्याशा क्लबची जुनी गोल्फ कार्ट घेतली, म्हाताऱ्यांची फाटक ते बिल्डिंग ने-आण करायला. सेक्रेटरी वैभव मीटिंगमध्ये म्हणाला, "काका, ॲक्च्युअली तुम्ही रिटायर्ड, ॲक्च्युअली तुम्हाला टाइमपास!" रघुवीर कर्णिक 'नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या पडल्या, आणि देखभाल त्यांच्या गळ्यात.

दर दसऱ्याला कार्टला झेंडूचा हार मिळाला, चाकांखाली लिंबं मिळाली. बॅटऱ्यांना पाणी तेवढं मिळालं नाही.

यंदा त्यांच्या पत्नी कालिंदीबाई म्हणाल्या, "अहो, या गुडघ्यांपायी वर्षभर खाली उतरले नाही. उद्या फाटकाजवळच्या मंडपात बसून सोनं मीच वाटणार. न्याल ना? आणि परत आणाल ना?"

"म्हणजे काय!" म्हणाले कर्णिक, आणि खंडेनवमीला धावत खाली गेले. सीट उचलली, तर बॅटऱ्या कोरड्या ठाक, टर्मिनलवर हिरवट बुरशी. गरम पाणी ओतलं, खायच्या सोड्यानं घासलं, डिस्टिल्ड पाणी भरलं, टायरांत हवा मारली, रात्रभर चार्जिंगला लावलं. ब्रेक लागत होता; तो दाबून अडकवायचा खटका मात्र बसेना. तो नंतर बघू.

दसऱ्याला कार्ट सुळकन खाली गेली. "धावली, धावली!" सगळे ओरडले. उतारावर काय, रिकामा डबाही धावतो, हे कर्णिकांना परतताना कळलं. अर्ध्या चढावर कार्ट 'घूंऽऽ' करत थांबली आणि मागे सरकली. त्यांनी ब्रेकवर पाय रोवला.

"मागे दगड लावा रे!" मागून चालणारे शेजारी माधवराव ओरडले. "दगड लावा!" शेजारची प्रितीही ओरडली. दगड आणायला कुणी हललं नाही. वैभवनं फोन काढला. "काका, ॲक्च्युअली स्माइल!"

तेवढ्यात प्रिती वाकली. "काका, नमस्कार करते."

"कर, पण पाय हलवू नकोस गं!"

मग रांगच लागली. हातात आपट्याची पानं वाढत होती, पोटरीत गोळा येत होता. बाजूच्या सीटवर कालिंदीबाई पदरातली पानं सावरत खाली फाटकाकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं मघाचं हसू आटलं होतं.

"अहो, पुढच्या दसऱ्याला मी वरनंच हात करीन."

कर्णिकांना 'नाही' म्हणायचं होतं. त्यांनी ब्रेक आणखी दाबला.