वळणावरचं अंतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना आवाज खाली घेणार नाही. बोलण्यात मी कधीच कच्चा नव्हतो. सगळी गोची तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि विलास अंधेरीच्या एका कॉलेजात, एनसीसीच्या एकाच तुकडीत. तो जोगेश्वरीला राहायचा. माणसं मालवणकडची, वडिलांची गिरणी बंद पडलेली. विलासला फौजेत अफसर व्हायचं होतं. व्हायचं होतं काय — तो मनाने झालेलाच होता. लेखी परीक्षा पास, मुलाखतही पार पडलेली. फक्त मेडिकल बाकी होतं.

परेडमध्ये तो माझ्या उजव्या हाताला. आधी हात लांब करून, मूठ शेजारच्याच्या खांद्याला टेकवून अंतर घ्यायचं. मग हात खाली, नजर समोर, आणि अख्खं मैदान चालत जायचं — तरी ते अंतर हलता कामा नये. मान वळवायची नाही. मग कळायचं कसं? आमचे हवालदार उस्ताद म्हणायचे, "बगलवाला दिखना नहीं चाहिए, मालूम होना चाहिए." म्हणजे भरवसा. शेजारचा आपली जागा सोडणार नाही, एवढंच. मला ते झकास जमायचं. उस्ताद बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायचे आणि माझी छाती फुगायची. का नाही फुगणार?

दुसरं वेड मोटरसायकलचं. गोरेगाव पूर्वेला तबेल्यांमधून जाणारे चढउताराचे रस्ते रविवारी सकाळी मोकळे असत. तिथे आम्ही हौशी पोरं शर्यत लावायचो. रस्ता अरुंद, म्हणून सगळ्यांना एकदम सोडायचे नाहीत. एक गेला, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग दुसरा. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. इथेही अंतरच — पण इथलं अंतर राखायचं नसतं, खायचं असतं. पुढचा दिसायला लागला की समजायचं, आपण त्याच्यापेक्षा जोरात आहोत. नियम एकच, पण कडक. पुढच्याला गाठलंस तर हॉर्न दे, सरळ रस्ता येईपर्यंत मागे थांब. वळणावर घुसायचं नाही.

त्या रविवारी विलास माझ्या पुढे सुटला. चढ संपता संपता मला त्याची पाठ दिसली. काय वाटलं सांगू? आनंद झाला. निव्वळ आनंद. उतारावर मी त्याला जवळजवळ चिकटलो. पुढे डावीकडे वळण होतं, कडेला खडी पसरलेली.

हॉर्न दिला असता तर तो सावध झाला असता. सरळ रस्त्यावर त्याची गाडी माझ्यापेक्षा सरस होती, तो निसटला असता. हा हिशोब मी केला. घाईत केला, पण केला. हॉर्न दिला नाही. इंजिन ताणलं आणि वळणावरच आतल्या बाजूने घुसलो. इंजिनचा आवाज एकदम कानाशी आला तसा तो दचकला. मी डावीकडे होतो, त्याने उजवीकडून मागे मान वळवली, गाडी भरकटली आणि पलीकडच्या खडीत जाऊन आडवी झाली. माझा त्याला धक्काही लागला नाही.

मी थांबलो. हे माझ्या बाजूने म्हणून सांगत नाहीये — कोणीही थांबलं असतं. तो गटाराच्या कडेला पालथा पडला होता, गुडघा भलतीकडेच वळलेला. शुद्धीवर आला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"तू होतास का रे मागे? कानाशी आवाज आला."

"मी लांब होतो यार," मी म्हणालो. "आलो तेव्हा तू पडलेलाच होतास."

किती सहज म्हणालो! आवाज कापला नाही, नजर हलली नाही. मागून पोरं धावत आली, त्यांनाही तेच सांगितलं. हॉस्पिटलात त्याने परत विचारलं. गाडीचा आवाज अगदी स्पष्ट ऐकला रे, म्हणाला. मी म्हटलं, भास झाला असेल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार. तुझं अंतर कधी चुकत नाही."

आणि त्याने स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडला. त्याची आई कॉटच्या कडेला बसून एकच विचारायची, "मागे कित्याक बघलंस रे बाबा?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं. मी त्या माऊलीला चहा आणून दिला.

गुडघा पूर्ण वाकेना. मेडिकलमध्ये त्याला नापास केलं. मग मुलुंडच्या एका कारखान्यात तो स्टोअरमध्ये लागला. वडिलांनी बोल लावला, त्याने ऐकून घेतला. चूक माझीच, म्हणायचा.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर पुन्हा शर्यत लागली. पोरांनी विलासला गाड्या सोडायला बोलावलं. तो लंगडत आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि झेंडा हातात घेऊन नव्या पोरांना समजावत उभा राहिला. "एकच सांगतो. मागे बघू नका. मी बघितलं आणि वाट लागली. आणि मागे होतं कोण? कुणीच नव्हतं!" पोरं हसली. तोही हसला.

मी हेल्मेट घालून त्या रांगेत उभा होतो. सगळं ऐकलं. त्या क्षणी दोन शब्द पुरले असते — मी होतो. मी काच खाली ओढली आणि गाडीला किक मारली.

माझा नंबर आला. विलासने माझ्या खांद्यावर थाप मारली, झेंडा खाली केला, आणि मी सुटलो. त्या दिवशी मी पहिला आलो. कप मला त्याच्याच हातून मिळाला. मी तो घेतला.