काढून टाकलेली पोस्ट

ब्लॉग सुरू केला तेव्हा माझी बदली घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेवर झाली होती. राहायला परतूरला, नोकरी तिकडे. सकाळी जीप भरेपर्यंत थांबायचं, संध्याकाळी बस मिळेल तशी पकडायची. त्या थांबण्यात मी फोनवर लिहायला लागले. वर्गातल्या मुली काय विचारतात, जीपमध्ये शेजारी बसलेल्या बायका काय बोलतात, असलंच काहीबाही. माझी धाकटी जाऊ कॉलेजात संगणक शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिने ते वाचलं आणि एका दुपारीच मला ब्लॉग उघडून दिला.

"ताई, एक वार ठरवा," ती म्हणाली. "तुम्ही कधी येता ते लोकांना कळलं पाहिजे."

मी गुरुवार ठरवला. त्या दिवशी माझा उपास असतो, स्वयंपाकाचं काम जरा कमी.

पहिले सहा महिने मला दोनच वाचक होते, मी आणि जाऊ. तिसरा आला तो वजन कमी करायचं औषध विकणारा. प्रत्येक पोस्टखाली तो ‘खूप छान माहिती’ लिहायचा आणि खाली स्वतःची लिंक टाकायचा. मला आठवडाभर आनंद झाला होता. मग जावेने सांगितलं की प्रतिक्रिया आपण बघितल्याशिवाय दिसू नयेत अशी सोय असते, ती चालू करा. बाकीचं मी ठेचकाळत शिकले. एकदा सरळ ब्लॉगच्या चौकटीतच दीड तास टाइप केलं, रेंज गेली आणि सगळं पुसलं गेलं. तेव्हापासून आधी फोनच्या नोंदवहीत लिहायचं आणि मग तिथून उचलून टाकायचं. फोटो लहान करून टाकायचे, कारण आमच्याकडच्या रेंजवर मोठा फोटो उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे निघून जातो. शीर्षकाचंही तसंच. ‘मनातलं, भाग चार’ कुणी उघडलं नाही. ‘परतूर स्टेशनवरचं बाकडं’ मात्र लोकांनी उघडलं. टाइप करताना फोन आपल्या मनाने शब्द बदलतो, म्हणून टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचायचं. जीपमधल्या बायका माझ्याकडे बघायच्या, पण चुका सापडायच्या.

हे सगळं खरं असलं, तरी मी दर गुरुवारी चिकाटीने लिहीत होते त्याचं कारण वेगळं होतं. मी एका मुलीला शोधत होते.

आता ती मुलगी राहिलेली नाही, माझ्याच वयाची बाई आहे. डी.एड.ला जालन्यात आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती भोकरदनकडच्या एका खेड्यातून आली होती. उंच, सावळी, उजव्या भुवईवर लहानपणच्या जखमेची खूण. फळ्यावर तिचं अक्षर असं यायचं की सरावपाठ बघायला आलेले सर आधी अक्षराकडेच बघत राहायचे. रविवारी आम्ही गच्चीवर केस वाळवत बसायचो. ती एखादा धडा घेऊन मला पहिलीतली पोर समजून शिकवायची. मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे आणि ती न चिडता पुन्हा सांगायची. मी तशी शिक्षिका कधीच झाले नाही.

दुसऱ्या वर्षी परीक्षेला महिना राहिला असताना तिचे वडील आणि चुलते तिला न्यायला आले. लग्न ठरलं होतं. मी बसस्टँडवर सोडायला गेले. वडील तिकडे गाडीची चौकशी करत होते, तेवढ्यात ती मला म्हणाली, "मला न्हाई करायचं गं लग्न. निदान परीक्षा तरी होऊ द्या म्हणलं, तर बाबा बोलूनच न्हाई राह्यले." मग पिशवीतून तिने पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं. शेवटच्या पाठासाठी तिने ते रात्री जागून केलं होतं, त्याचे काटे फिरायचे. "तुझ्या पाठाला होईल," म्हणाली. ते घड्याळ घेऊन मी पाठ दिला आणि मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. कुणाचं घड्याळ आहे ते मी सांगितलं नाही.

तिची दोन पत्रं आली. मग माझी नोकरी, माझं लग्न, बदल्या. तिचं सासरचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं. पुढे सगळे फोनवर सापडायला लागले तरी ती सापडली नाही. म्हणून ब्लॉगवर मी अधूनमधून तिलाच ओळखू येतील अशा गोष्टी टाकायचे, गच्चीवरची टाकी, मेसमधली पातळ डाळ, असं काहीतरी. प्रत्येक नवी प्रतिक्रिया उघडताना वाटायचं, हीच असेल.

ब्लॉगच्या चौथ्या वर्षी मी सगळंच लिहिलं. बसस्टँड, ती काय बोलली ते, घड्याळ, माझे गुण. नाव टाकलं नाही, गावाचंही नाही. ती पोस्ट इतकी वाचली गेली, की तेवढ्या वाचकांची मला तोवर कल्पनाच नव्हती. अनोळखी बायकांनी खाली आपापल्या मैत्रिणींबद्दल लिहिलं. कुणीतरी ती तशीच उचलून माझं नाव न देता फोनवर फिरवली. तेव्हा मला राग आला तो एवढ्याचाच, की माझं नाव गाळलं.

एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ओळखलं का?"

मी ओळखलं. मी तिथेच दोरीखाली बसून रडले आणि तिने माझं रडणं संपेपर्यंत वाट बघितली. मग शांतपणे विचारलं, "ते घड्याळाचं तूच लिवलंस ना? इथल्या शाळेतल्या मॅडमकडून तुझा नंबर काढला."

"हो. वाचलंस तू?"

"मी मागून वाचलं. आधी ह्यांनी वाचलं. भावकीच्या ग्रुपवर आल्तं."

हातातला ओला टॉवेल मी बादलीत टाकला.

"नाव न्हाई टाकलंस, बराबर हाय," ती म्हणाली. "पण भोकरदनकडची, भुवईवर खूण, डी.एड. अर्धं सोडून आलेली. मंग अजून काय राह्यलं?"

"मी चुकीचं लिहिलं का काही?"

"खोटं न्हाई लिवलंस. पण मला लग्न करायचं न्हवतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं न्हवतं. माणूस वाईट न्हाई गं. दोन दिवस झाले, जेवून राह्यले, पण बोलून न्हाई राह्यले."

"तुला शोधायलाच लिहिलं होतं मी."

"सापडले ना मंग? आता काढ ते."

मी त्याच दुपारी पोस्ट काढली. खरंच काढायची का, असं ब्लॉग एकदा विचारतो. मी हो म्हटलं. खालच्या प्रतिक्रियांतल्या सगळ्या बायकांच्या मैत्रिणीही पोस्टबरोबर गेल्या, त्यांची प्रत करून घ्यायचं मला सुचलं नाही. फोनच्या नोंदवहीतली माझी प्रत मात्र मी पुसली नाही. ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

पण आपण काढलं म्हणून ते जात नाही, हे मला जावेने कधी शिकवलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत ती गोष्ट माझ्याकडे तीनदा परत आली. एकदा तर आमच्याच केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर, खाली गुलाबाचं फूल आणि भलत्याच कुणाचं नाव. "कृपया पुढे पाठवू नका," असं मी लिहिलं. एका सरांनी विचारलं, "का हो मॅडम? इतकं चांगलं हाय."

त्यानंतर मी कितीतरी गुरुवार काही लिहिलं नाही. तिला फोन करायचं धाडस होत नव्हतं. शेवटी तिचाच आला. आवाज जरा मोकळा होता.

"ह्यांनी काल काय विचारलं माहिती का?" ती म्हणाली. "जेवताना एकदम म्हणले, त्या परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार. हसले. आता या वयात कुणाला शिकवू? तर म्हणले, मला काय माहीत, मी कधी विचारलंच न्हाई तुला." पुढे ती म्हणाली, "मंग हातातला घास तसाच घेऊन बसले."



इथपर्यंतचं लिहून झालं तेव्हा मी तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये दोनदा थांबवलं. इथल्या खुणा खऱ्या नाहीत. भुवई वेगळी आहे, तालुकाही वेगळा आहे, हे तिच्याच सांगण्यावरून. माणसांबद्दल लिहायचं तर आधी त्यांना वाचून दाखवावं, एवढी एक गोष्ट आता मी कुणी ब्लॉगबद्दल विचारलं तर सगळ्यात आधी सांगते. मग रेंज आणि फोटो.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "येऊ का एकदा तुझ्याकडं?"

"ये की. कापूस निघू दे घरचा."

तेव्हापासून कापूस दोनदा निघाला. मी फोन करते, ती उचलते. सुनेचं बोलते, गुडघ्याचं बोलते, मी बदलीचं बोलते. होस्टेलचा विषय ती काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. मागच्या महिन्यात प्रशिक्षणाला जालन्याला गेले होते. चहाच्या सुट्टीत तिला फोन करून म्हटलं, "इथंच आहे मी, बस पकडली तर दीड तासात तुझ्याकडं येते." ती म्हणाली, "आज न्हाई गं, पाव्हणे हायेत." मागून पाव्हण्यांचा आवाज येत नव्हता. कुठेतरी एकच कोंबडी कॉक-कॉक करत होती आणि ती फोन ठेवत नव्हती.