डेअरीत ठेवलेली माणसं

मला किस्से सांगायची सवय नव्हती. साखर कारखान्याच्या गेटवर जमादार होतो. तिथं हात वर केला की ट्रॅक्टर थांबायचा, बोलायची गरजच पडायची नाही. पण धारूरच्या घाटाजवळच्या त्या सेंटरवर ऊसतोडीचा एक अख्खा हंगाम काढला आणि तेव्हापासून चौसाळ्याच्या हॉटेलात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "आबा, सेंटरवरलं एखादं होऊन जाऊ द्या!"

एक सांगितलं की त्याच्यामागं दुसरं निघतं. ऊसाच्या ट्रॉल्यांसारखंच हे. पहिली आत सोडली की मागच्या काही थांबत नाहीत.

आधी सेंटर काय ते सांगतो. तिथं पूर्वी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. लागोपाठ दुष्काळ पडले, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, टाक्या रिकाम्या पडल्या. मग संघानं ती इमारत एका संस्थेला दिली. लकवा झालेल्या, खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उभं करायचं काम तिथं सुरू झालं. ज्यांची लेकरं ऊसतोडीला गेली आणि मागं बघायला कुणी नाही, अशीही माणसं तिथं राहायची. टाक्या गेल्या, पण नाव गेलं नाही. सगळे डेअरीच म्हणायचे.

बाळूच्या मायला, म्हणजे माझ्या बायकोला, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द फुटेना. बाळू आणि सून सुरेखा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेले. शेतात काहीच नव्हतं, न जाऊन करतात काय? मी तिला घेऊन डेअरीत गेलो आणि सोबतीला तिथंच राहिलो. एकच मनात होतं. ही बोलली पाहिजे आणि माझ्याबरोबर घरी आली पाहिजे.

एकदा कपडे न्यायला गावात आलो, तर पारावर शेजारचा नामदेव भेटला. "जमादार, वहिनी दिसत न्हाईत?"

"डेअरीत ठेवल्यात."

"मग? फॅट किती लागली?"

पारावरचे सगळे हसले. मी कपडे घेतले आणि निघालो.

पुढच्याच महिन्यात नामदेवची आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि एक दिवस नामदेव तिला रिक्षात घालून डेअरीच्या दारात हजर! मला बघून खाली मान घातली. "जमादार, जागा हाय का आत?"

मी म्हणालो, "आधी फॅट सांग!"

*

त्या नामदेवच्या आईचं नाव रखमाबाई. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण बाई उभी राहीना. व्यायाम घ्यायला पुण्याकडच्या एक अनघा मॅडम होत्या. वयानं लहान, पण चिकाटीच्या. रोज वॉकर घेऊन कॉटपाशी उभ्या राहायच्या.

"आजी, उठा ना. हाड जुळलंय आता."

"कावून उठू? माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?"

"पडणार नाही तुम्ही. मी धरते."

"तू धरणार? तुलाच वारं आलं तर मला धराय लागंल!"

असं रोज चालायचं. मॅडमनी गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं. नामदेवनं येऊन हात जोडले. रखमाबाई काही गादी सोडेना.

डेअरीला पाणी टँकरनं यायचं. घाट चढून आला की ड्रायव्हर लांबूनच हॉर्न द्यायचा. एरवी दुपारी येणारा टँकर त्या दिवशी सकाळीच आला. हॉर्न वाजला. आम्ही सगळे खिडकीकडं बघायला लागलो. वळून बघतो तर रखमाबाई दोन पायांवर उभी! एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात कॉटखालची बादली!

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी! अहो, तुम्ही उभ्या राहिलात!"

"राहू नको तर काय करू?" रखमाबाई खेकसली. "नंबर गेला असता ना!"

बाळूची माय शेजारच्याच कॉटवर. पोट धरून हसली. आवाज मात्र नाही.

*

पुरुषांच्या हॉलमध्ये दादासाहेब होते. मोठे बागायतदार, गावच्या सोसायटीचे जुने चेअरमन. उजवा हात लकव्यानं गेलेला. मुलगा पांढऱ्या गाडीतून यायचा आणि आल्या आल्या ऑफिसात भांडायचा. "आमचे वडील चेअरमन होते. त्यांना सगळ्यांच्यात झोपवता? वेगळी खोली द्या!"

दादासाहेबांच्या शेजारी सोपान. जन्मभर ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या आणि पाठीचा मणका सरकला. कमरेला कायम जाड पट्टा. त्याच सोसायटीचा सभासद.

अनघा मॅडम दादासाहेबांना रोज सांगायच्या, "हात वर करायचा प्रयत्न करा." दादासाहेब रोज हाताकडं बघायचे. हात काही त्यांच्याकडं बघायचा नाही.

एक दिवस सोपान म्हणाला, "मॅडम, चेअरमनला असं सांगून कळत नसतंय. थांबा." कॉटवर ताठ बसला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "विषय क्रमांक एक! हॉलमधला पंखा रात्री बंद ठेवण्यात यावा! ठराव मंजूर असंल त्यांनी हात वर करावेत!"

गंमत म्हणून सगळ्या हॉलनं हात वर केले. मीही केला. आणि बघतो तर दादासाहेबांचा उजवा पंजा चादरीवरून सुटला. थरथरत वीतभर वर आला आणि खाली पडला.

सोपान म्हणाला, "मंजूर! आयला, इतकी वर्षं सभासद हाय, पण माझ्या ठरावाला चेअरमनचा हात वर झालेला आज पहिल्यांदा बघितला!"

दादासाहेब चादर नीट करत म्हणाले, "कोरम नव्हता. उद्या परत सभा घे."

त्यानंतर रोज सकाळी सभा. पुढच्या खेपेला मुलगा वेगळी खोली मंजूर करून आला, तर म्हातारा त्याच्यावरच उखडला. "खोलीत एकटा जाऊन काय करू? सभासद कुठून आणू?"

*

आता हा सोपानच्या पट्ट्याचा.

कारखान्याचं गाळप संपलं की आमच्याकडं 'पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडला की टोळ्या सुटतात, बैलगाड्या, ट्रक भरून माणसं गावाकडं येतात. सेंटरवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कान त्याच एका शब्दाकडं लागलेले. अनघा मॅडमला यातलं काय माहीत?

एक दिवस त्या सोपानला व्हरांड्यात चालवत होत्या. चालता चालता त्याच्या कमरेचा पट्टा सुटला आणि खाली पडला. तो पट्टा नसताना पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मॅडम घाबरून ओरडल्या, "अहो मावशी, पळा, पट्टा पडला! पट्टा पडला!"

बायकांच्या हॉलमध्ये एकदम गलका उठला. "पडला का? कवा पडला? कोणत्या कारखान्याचा?" एकीनं बोचकं बांधायला घेतलं. एकीनं डोक्याला तेल मागितलं. रखमाबाईचा धाकटाही टोळीत होता. ती वॉकर आपटत थेट दारापर्यंत आली. "माझा पोरगा कोणत्या गाडीत हाय?"

मॅडम हातात पट्टा धरून उभ्या. "अहो, हा पट्टा! यांचा!"

सगळ्यांची तोंडं उतरली. मला ते बघवेना. मी म्हणालो, "सोपान, लेका, तुझ्या कमरेनं सगळ्या महाराष्ट्राचे कारखाने बंद पाडले बघ!"

हसल्या सगळ्या. पण बांधलेलं बोचकं एकीनंही सोडलं नाही. उशाशी तसंच ठेवलं.

*

सिरसाळ्याची मीरा दर रविवारी तिच्या आईला भेटायला यायची. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी धपाटे. आई विसरभोळी झालेली. समोर बसलेली बाई आपली लेक आहे हेच तिला ओळखू यायचं नाही. तिला वाटायचं, ही इथलीच नर्स आहे.

पहिल्यांदा मीरा व्हरांड्यात येऊन फार रडली. सासरची माणसं म्हणायची, तिला कळतच नाही तर जातेस कशाला? तरी ती यायची.

एका रविवारी ती आईला घास भरवत होती. आई म्हणाली, "तू बरी हायस गं. पण माझ्या मीरासारखी न्हाईस."

"कशी होती तुमची मीरा?"

"होती कावून? हाय की. लई गुणाची. लहानपणी मला ताप आला, तर एवढीशी पोर रात्रभर उशाशी बसली. तुझ्या हाताला तिच्यासारखी चव न्हाई. ही भाकर कुणी केली?"

"मीच केली."

"थोडी जाड झाली."

मीरा बाहेर आली ती हसतच. मला म्हणाली, "काका, आईनं तोंडावर माझं एवढं कौतुक जन्मात केलं नव्हतं! पुढच्या रविवारी भाकरी आणखी जाड करून आणते!"

*

बोलायला शिकवायला बीडहून शेख सर यायचे. शांत माणूस. आम्हा दोघांना समोर बसवून चित्रं दाखवायचे आणि बाळूच्या मायला विचारायचे, "हे काय आहे?"

"गाय," मी म्हणायचो.

"आबा, त्यांना बोलू द्या. आजी, हे काय?"

"चूल."

"आबा!"

"बरं, बरं."

"आजी, तुम्हाला तहान लागलीय का?"

"न्हाई लागली तिला. आत्ताच पाणी दिलं."

शेख सरांनी चित्रं खाली ठेवली. म्हणाले, "जमादारसाहेब, गेटवर काय ट्रॉल्या अडवायच्या त्या अडवल्यात. आता आजींचे शब्द सोडा की बाहेर!" आणि मला उठवून व्हरांड्यात बसवलं. दार लावून घेतलं.

कारखान्याच्या गेटवर भल्याभल्यांना थांबवलं मी. मला गेटाबाहेर काढणारा तो पहिला माणूस! रखमाबाईनं ही बातमी सगळ्या सेंटरभर केली.

दाराला कान लावून बसायचो. आत सरांचा आवाज यायचा. तिचा यायचा नाही.

*

त्या वर्षी ऊसच नव्हता. कारखाने लवकर बंद झाले आणि खरोखरच पट्टा पडला. बोचकी उचलून एकेक म्हातारी घरी जायला लागली. बाळू आणि सुरेखाही आले, गाडीतून उतरून थेट डेअरीतच.

बाळूची माय तोवर काठी धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची. पाय ओढायची, पण जायची. शेख सर म्हणाले, "अजून थोडे दिवस राहू द्या. ओठ हलायला लागलेत." मी म्हणालो, "घरच्या माणसांत बोलेल." गावातही बोलणं चाललं होतं, जमादारानं बायको नेऊन टाकली म्हणून. तिला पाडव्याला माझ्या घरात बसलेली सगळ्यांना दाखवायची होती मला.

जीप सांगितली. जीप आली. मी वळकटी बांधली, तांब्या पिशवीत घातला. सोपान, दादासाहेब, रखमाबाई निरोप द्यायला कॉटभोवती जमले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

सुरेखा सासूजवळ वाकली. "आत्या, चला. घरी जायचं ना?"

"जायचं," मी म्हणालो. "विचारतीस काय? धर तिला."

बाळूच्या मायनं डाव्या हातानं कॉटची दांडी घट्ट धरली.

"सोड ते," मी म्हणालो. "ऊठ. जीप थांबलीय."

सोडेना. बाळूनं हात सोडवायला बघितला, तर त्याच्याकडं डोळे वटारले. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, परत झटका येतोय.

"न्हाई."

सुरेखानं तोंडावर पदर धरला. बाळू खालीच बसला. "माय, काय म्हणलीस?"

तिनं बाळूकडं बघितलंही नाही. माझ्याकडंच बघत होती. काठी उचलली, व्हरांड्याकडं दाखवली. तिचं रोजचं चालणं राहिलं होतं.

"न्हाई!"

बाहेर हॉर्न वाजतच होता. मी गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "आबा, आजी कुठंयत? येतात ना?"

"न्हाई म्हणाली."

"म्हंजे जीप रिकामी न्यायची?"

"ने."

त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "मग तुमी हसायलाव कावून?"

"अरे, न्हाई म्हणाली बे! दोनदा म्हणाली!"