चाळीस प्रश्नांत नसलेला प्रश्न

माझ्या केबिनमध्ये खुर्च्या चार होत्या आणि माणसं नऊ आली होती. टेबलावर एक कागद होता. रिफ्युजल लेटर, म्हणजे व्हिसा नाकारल्याचं पत्र. चाकूरचे बसवराज बिरादार ते उचलायचे, डोळ्यांजवळ न्यायचे आणि पुन्हा टेबलावर आपटायचे.

"सय्यद सर, तुम्ही म्हणले होते फाइल पक्की हाय. आता गावात तोंड कसं दाखवू मी?"

त्यांचा राग खोटा नव्हता. पुतणी इंजिनिअरिंग शिकायला युरोपात निघाली म्हणून त्यांनी चाकूरच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला होता. मधे पुतणीचा फोटो, भोवती सगळे चुलते, मामा आणि दोन माजी सरपंच. शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला होता. आपल्याकडे सत्कार आधी होतो, व्हिसा नंतर.

पुतणी दाराशी उभी होती. शिवलीला, वीस वर्षांची. खुर्ची पुरली नाही म्हणून उभी होती, आणि तिला बस म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मी मूळचा नांदेडचा. लातूरच्या क्लासेसमध्ये अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. मग तिथल्याच एका कन्सल्टन्सीत काउन्सेलर झालो. काम असं, की परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांचा कोर्स ठरवायचा, कॉलेजचे फॉर्म भरायचे आणि व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची. गेल्या दोन वर्षांत माझा एकही रिफ्युजल नव्हता आणि मी ते चारचौघांत सांगत फिरायचो. गर्वाचं घर खाली म्हणतात ते असं.

बिरादार अप्पांना बाहेर बसवून मी आमच्या डायरेक्टरकडे, देशमुख साहेबांकडे गेलो. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं.

"पुन्हा अर्ज करता येतो का?"

"येतो. बारा दिवसांनी इंटरव्ह्यूचा एक स्लॉट मिळतोय."

"आणि कॉलेज?"

"त्यानंतर तीन आठवड्यांत सुरू होतं. ही वेळ गेली की सीट गेली."

"पुढच्या वर्षी पाठवू."

"पुढच्या वर्षी ती नसेल, साहेब. उदगीरचं स्थळ थांबलंय. परदेश झालं नाही तर लग्न, असं घरात ठरलंय."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "मग काय ते निस्तरा. आणि चुकलं कुठं ते आधी शोधा."

मी शिवलीलाला एकटीला बोलावलं आणि वकिलातीत इंटरव्ह्यूला काय झालं ते विचारलं.

"सर, त्यांनी विचारलं, आमच्याच देशात का? मी सांगितलं, लहानपणापासून मला तुमच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाची ओढ आहे."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, लहानपणापासून ओढ असलेल्या तुम्ही आज तिसऱ्या."

ते वाक्य माझं होतं. क्लासेसमध्ये अकरा वर्षं जे केलं तेच मी इथं केलं होतं. संभाव्य प्रश्न चाळीस, मॉडेल आन्सर चाळीस, स्पायरल बाइंडिंग केलेली पुस्तिका. मुलांनी ती घोकली होती, फिजिक्सचे फॉर्म्युले घोकतात तशी. आमच्या लातूरचं पोर एकदा पाठ केलं की स्वल्पविराम चुकवत नाही. त्या दिवशी माझ्याच ऑफिसची तीन पोरं व्हिसाच्या खिडकीपुढे एकच वाक्य बोलून आली होती. व्हिसा ऑफिसरला मार्क द्यायचे नसतात. त्याला एवढंच बघायचं असतं की समोरच्याला खरंच जायचंय का.

चूक माझी होती आणि वर्ष तिचं जाणार होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मॉक सुरू केले. मॉक म्हणजे खोटा इंटरव्ह्यू. मी ऑफिसर व्हायचो. अप्पा रोज चाकूरहून तिला घेऊन यायचे आणि शेजारच्या खुर्चीत बसायचे. पुस्तिका मी कपाटात टाकली होती.

"शिवलीला, हा कोर्स कोणी निवडला?"

तिनं अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "मीच निवडला. तिला काय इचारायलात? मी हाय ना."

"अप्पा, तिथं तुम्ही नसणार. बरं शिवलीला, तुला जायचंय का?"

"अप्पा म्हणतील तसं, सर."

चार दिवस हेच चाललं. मी चिडलो, ओरडलो, एकदा पेनही फेकला. तिच्या तोंडून दुसरं उत्तर येतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिचं उत्तर आपल्याकडे शंभरपैकी शंभर मार्कांचं आहे. पाहुण्याकडे चहा विचारला की आधी नको म्हणायचं. काय खाणार विचारलं की काहीही चालेल म्हणायचं. मला पाहिजे म्हणणारं पोर हावरट आणि मुलगी असेल तर आगाऊ. तिकडची पोरं शाळा संपली की पाठीला पिशवी लावून जग बघायला निघतात, घरच्यांना कळवतात फक्त. आमच्याकडे परदेशी जातं ते घर, पोराच्या हातात नुसतं तिकीट असतं. माझा धाकटा भाऊ सौदीला गेला तो अब्बांनी ठरवलं म्हणून. त्याला विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पाचव्या दिवशी मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"का म्हणून?"

"तिला एकटीला विचारायचंय."

अप्पा उभे राहिले. आवाज चढला नाही, उलट बसला.

"सर, भूकंप झाला तवा ही दीड वर्षाची होती. माझा भाऊ गेला. मी चाकूरहून ट्रकनं गेलो आन् ढिगाऱ्यातून ह्या हातानं काढली हिला. हिला काय पाहिजे, ते मला कळत न्हाई व्हय?"

मला लाज वाटली, तरी मी दार उघडं धरून उभा राहिलो. अप्पा गेले. जाताना म्हणाले, "उद्यापासून येत न्हाई आम्ही."

दार लागलं. शिवलीला टेबलाकडे बघत बसली. मला पुन्हा विचारायची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सर, मला जायचंय. लई जायचंय."

"मग म्हणत का नाहीस?"

"कसं म्हणू? मी जायचंय म्हणले तर आईला वाटंल, हिला आमचा कंटाळा आला. अप्पांना वाटंल, एवढं केलं आन् ही निघाली. त्यांनी धाडलं म्हणून गेले तर कोणाला लागत न्हाई."

"आणि का जायचंय?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "चाकुरात मी भूकंपातली पोर हाय, सर. क्लासमध्ये बी तेच. मॅडम फीचं बोलल्या तरी आधी बिचारी म्हणायच्या. मेडिकल दोनदा हुकलं तर लोक म्हणले, जाऊ द्या, बिचारी. मला अशा ठिकाणी जायचंय जिथं नापास झाले तर नुसती नापास म्हणतील."

वीस वर्षांच्या पोरीनं एवढं साठवून ठेवलं होतं आणि मी तिला सांस्कृतिक वारसा घोकायला लावला होता. माझे डोळे भरले. मी खिडकीकडे तोंड केलं.

"हे सांगू का आत?" तिनं विचारलं.

"जे खरं आहे ते सांग. कोर्स अप्पांनी निवडला, तेही सांग."

"रिजेक्ट केलं तर?"

"तर माझ्यामुळे झालं म्हणून सांग."

साहेबांना कळलं तेव्हा ते भडकले. "कोर्स काकांनी निवडला असं सांगायला लावताय? सय्यद, फाइल स्वतःच्या हातानं बुडवताय." मला ते चूक आहेत असं छातीठोक म्हणता आलं नाही.

अप्पा खरंच चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "तिकिटं काढली हायेत. तुम्ही बी चला." एवढंच बोलून ठेवला.

मुंबईत वकिलातीच्या गेटपासून लांब, फुटपाथवर आम्ही दोघं उभे होतो. आत फक्त उमेदवाराला सोडतात. अप्पांनी पांढरा सदरा घातला होता, कपाळाला भस्म होतं. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. पंधरा मिनिटांत पोरं बाहेर येत होती. शिवलीलाला चाळीस मिनिटं झाली. अप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं होतं.

ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय इचारलं?" अप्पा म्हणाले.

"कोर्स कोणी निवडला, म्हणले. मी सांगितलं, माझ्या काकांनी."

"आन्?"

"मग म्हणले, म्हणजे जायचंय कोणाला? काकांना की तुला?" ती थांबली. तिनं अप्पांच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. "मी म्हणले, मला. त्यांनी धाडलं नसतं तरी मला जायचंच होतं."

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. अप्पांनी घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. मग म्हणाले, "मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी इचारलंच न्हाई, अप्पा."

रागानं नव्हती बोलली. तरी अप्पा फुटपाथच्या कठड्यावर बसले. मी पाणी आणायच्या निमित्तानं लांब गेलो. परत आलो तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसली होती आणि अप्पा उपरण्यानं डोळे पुसत तिला विचारत होते, "तिकडं थंडी लई असती म्हणे. तुला कुठल्या रंगाचं स्वेटर पाहिजे?"

तिला पटकन सांगता आलं नाही. मग म्हणाली, "हिरवं."

आठव्या दिवशी पासपोर्ट व्हिसासकट आला. ती गेली, पहिल्या सेमिस्टरला एका विषयात नापास झाली आणि तिनं ते मला फोन करून अगदी आनंदानं सांगितलं.

तेव्हापासून मी नियम केला. आलेल्या घराला बाहेर बसवायचं, चहा बाहेरच पाठवायचा, आणि मुलाला एकट्याला आत घेऊन आधी हाच प्रश्न विचारायचा, तुला जायचंय का? पहिल्याच महिन्यात तीन मुलांनी न्हाई म्हणून सांगितलं. तीन फाइली बंद झाल्या. साहेबांनी बोलावून घेतलं.

"सय्यद, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे का?"

"आपण नाही विचारला तर वकिलात विचारते, साहेब."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग त्याचंही एक मॉडेल आन्सर लिहून टाका."

मी लिहिलं नाही. गेल्या आठवड्यात हदगावची एक मुलगी आली होती. प्रश्न विचारल्यावर वीस मिनिटं गप्प होती. बाहेर तिच्या मामांनी दोनदा दार वाजवलं. मी उघडलं नाही आणि तिला घाईही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो.