पांदणीवरची घोडी

समोरून कुणीही पायी येताना दिसलं की मालक घोडीवरून खाली उतरायचे. लगाम धरून तिला कडेला, पार काट्यांना टेकवून उभी करायचे आणि म्हणायचे, "जा म्याडम. आमचं काय, सावकाश."

उंद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरून मी शाळेत जायची ती याच पांदणीनं. दोन्हीकडे वावरं, मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. नवा माणूस त्यांना पाहून म्हणायचा, काय नम्र गृहस्थ! तुम्हीही तेच म्हणाला असता. पण मी त्यांना आधीही पाहिलं होतं.

तेव्हा लांबूनच आवाज यायचा, "सरका! सरका!" मग टापा, मग धूळ. मोठ्या शेतीचे मालक, पांढरी घोडी, कानात अत्तराचा फाया. बाया डोक्यावरच्या भाऱ्यांसकट बाभळीत घुसायच्या. मी एकदा म्हटलं, "दादा, जरा हळू." हसून म्हणाले, "घोडी हाय म्याडम, म्हैस थोडीच हाय!"

एका दिवाळीनंतर वळणावर घोडी एका मावशींवर गेली. विहाराजवळ राहायच्या त्या. गवताचा भारा घेऊन घरी चालल्या होत्या. उजवा हात खांद्यात मोडला. दवाखान्यातून परतल्या, पण तो हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही.

आमच्या शाळेसमोरच्या पारावर बैठक बसली. सरपंचांनी विचारलं, तशा मावशी म्हणाल्या, "माहाच पाय घसरला. घोडी त लांब होती."

त्यांचा मुलगा याच मालकांच्या वावरात कामाला होता. सगळ्यांना सगळं कळत होतं. आम्ही आपापल्या चपलांकडे बघत राहिलो.

तेवढ्यात मालकच उभे राहिले. "खोटं बोलून राह्यली ते. म्या पाडलं. मले दिसली होती. वाटलं, सरकन बाजूले. लगाम ओढला नाही." मग मावशींकडे वळले. "अन् आता माह्यासाठी तिले खोटं बोला लागून राह्यलं."



हे उतरणं तेव्हापासूनचं. मावशींचा चाराही मग घोडीच्या पाठीवरून यायचा. पुढे मावशी, मागे लगाम धरून ते. मावशी वैतागायच्या, "काऊन पायी चालता, मालक? बसा ना वर."

"नाही जमत, मावशी. लाज वाटते."

एकदा मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मालकायची लाज मले जड होऊन राह्यली, म्याडम. त्यापक्षा भारा बरा होता."

पुढे मालकांचे गुडघे गेले, चढ-उतार जमेना, तेव्हा त्यांनी घोडी विकायला काढली. दुसरबीडचा घेणारा यायच्या दिवशी सकाळीच मावशी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "आज मले बसवा. अन् पारावरून न्या."

शाळा भरत होती. मी दारातून पाहिलं. पारावरची माणसं बोलायची थांबली. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी बाजूला घेऊन बंद केली. मावशी डाव्या हातात आयाळ धरून ताठ बसल्या होत्या, आणि एवढ्या उंचावरून गाव डोळे भरून बघत होत्या. ते मान खाली घालून लंगडत पुढे चालले होते.

"वर पाहा ना, मालक," मावशी म्हणाल्या.

"पाह्यतो, मावशी."

पण त्यांनी पाहिलं नाही.