कानाची वरची कड

सराफ बाजारातले आमचे सोनार उन्हाळ्यातही लोकरीची टोपी कानांवर ओढून बसत. मागून हाक मारली की नेमके समोर बघत. गिऱ्हाइकं हसायची. ते म्हणत, "हाक येते हो, कुठून येते ते कळत नाही." टोपीमुळे असेल, असं मला वाटे.

घरातल्या सगळ्यांचे कान त्यांनीच टोचले. आधी पाळी उजेडात धरून शीर बघत, मग कानाशीच बोलत, "झालं हं, राजा."

मुलांनो, माझी लेक, म्हणजे तुमची आई, कॉलेजात गेली आणि कानाच्या वरच्या कडेला टोचा म्हणून हटून बसली.

"तिथे मी टोचत नाही, बेटा."

"घाबरता की काय, काका? मग मी पार्लरमध्ये जाते."

त्यांनी हातातली तार ठेवली आणि टोपी काढली. उजव्या कानाचा वरचा भाग वाळक्या पानासारखा आकसला होता.

"भिकबाळीसाठी वडिलांनी टोचला होता. पाळीत मांस असतं, ते भरून येतं. वर मऊ हाड, त्याला रक्त कमी. पू झाला आणि कानाची घडीच गेली. आवाज पुढचा की मागचा, ते या घड्यांमुळे कळतं म्हणे."

तुमची आई स्वतःच्या कानाची कड चाचपत न टोचताच घरी आली.

घरी मी डोळे मिटून कानांच्या घड्या दाबून धरल्या आणि तिला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी मागे वाजली. मी समोर बोट दाखवलं.

त्यानंतर दुकानात गेले की मी आधी त्यांच्या समोर जाऊन उभी राही, मगच हाक मारी.