कोऱ्या चहाची सोयरीक

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीचा फार भरवसा धरू नका. पाहुणे चौघे होते की पाच, आता छातीठोक सांगता येत नाही. पण फजिती? ती अशी झाली म्हणता, की विचारू नका!

माझी पुतणी सविता हिला बघायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं फिसकटलेली. त्यामुळे दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बजावलं होतं, "आता ही सोयरीक हातची जाऊ देऊ नको बरं का!"

पाहुणे यायचे संध्याकाळी, आले दुपारीच. दादा सकाळपासून साखरा गावच्या शेतावर, हळद शिजवायला घातलेली. वहिनी सविताला साडी नेसवण्यात गुंतलेली. मग चहा कोणी करायचा? मी!

नेमकं त्याच सकाळी मी मोबाइलवर वाचलं होतं, की जपानात चहा पूजेसारखा पितात आणि चांगल्या पानात दूध घालणं म्हणजे त्या पानाचा अपमान. झालं! मी सगळ्यांना कोरा चहा दिला. आमच्या भागात कोरा चहा मयताच्या घरी देतात, हे मला काय माहीत नव्हतं? होतं हो! पण तेव्हा डोक्यात जपान शिरलं होतं.

कप बघून पाहुणे सावरून बसले. मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "कोन गेलं?"

मला वाटलं, घर रिकामं दिसतंय म्हणून विचारतायत. "दादा गेले. सकाळीच."

"अरारारा! पोरीचे वडील? अन् काहून असं अचानक?"

"अचानक कसलं! दोन दिवस तयारीच चालली होती."

मुलाच्या आईनं डोळ्याला पदर लावला. "लई तकलीफ तर न्हाई ना झाली?"

"थोडी झाली. गुडघे धरलेले ना! दोघांनी उचलून जीपमध्ये घातलं."

"अन् वहिनी?"

"ती म्हणाली, बरं झालं गेले, घरात लुडबुड नको."

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. "अन् पोरगी?"

"ती होय? आत नवी साडी नेसतेय!"

सगळे मान खाली घालून कपात बघू लागले. मला वाटलं, चहा आवडला. म्हणून मी जपानची गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात दारात दादा! अंगभर पिवळी हळद. "राम राम पाव्हणं! लई वाट बघावी लागली का?"

मुलाची आई किंचाळली. "आवं, हे तर उठून आले!"

दादांनी माझ्याकडं पाहिलं, मग कपाकडं पाहिलं. पुढं खुलासा झाला, तसं पाहुण्यांसकट सगळं घर पोट धरून हसत होतं आणि मी भिंतीकडं बघत बसलो होतो. सोयरीक बुडाली, माझ्यामुळं बुडाली, एवढंच डोक्यात. तोंडून शब्द फुटेना.

पण दोन दिवसांत होकार आला! लग्न झालं, सविताला लेकरं झाली. तरी होकार कसा आला, हे मला काही उमगेना. शेवटी बऱ्याच वर्षांनी सविताच्या सासऱ्यांना विचारलंच.

ते म्हणाले, "पोरगी तर फोटोतच पसंत होती. भेव होतं ते तुमचं! लोकं सांगायचे, पोरीचा काका लई शिकलेला हाय, बोलाया लागला की थांबतच न्हाई. पण दादा आल्यावर तुमी जे गप बसले, ते आमी उठेस्तोवर! आमी म्हणलं, लोकं उगं बदनामी करून राहिले. माणूस तर मुका हाय!"